बीपी आहे, आणि डॉक्टर म्हणतात मीठ खा

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी बहीण ३६ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चार वर्षांपासून तिला मधूनच झटके येतात. केर काढायला वाकली, खालची कळशी उचलली, की छातीत धडधड, डोकं फुटेल अशी कळ, घामाने ब्लाउज ओलाचिंब आणि चेहरा पांढराफटक. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं, मग ती गळून पडते. सासरचे म्हणाले मनाचं आहे. नंतर कोणी बाहेरचं म्हणाले. दोन वर्षं झोपेच्या गोळ्या झाल्या. शेवटी एकदा झटका चालू असताना शेजारच्या नर्सताईंनी बीपी मोजलं, ते २१०/१२० निघालं. पुढे सीटी स्कॅनमध्ये उजव्या किडनीच्या वर ३.८ सेंमीची गाठ दिसली आणि लघवीत मेटानेफ्रिन पाचपट आलं. सर्जन म्हणाले, आठवड्यात काढू. पण हार्मोनच्या डॉक्टरांनी तीन आठवडे पुढे ढकललं आणि प्राझोसिन सुरू केलं. त्याने तिला उठलं की गरगरतं, नाक चोंदतं. वर सांगतात, जेवणात मीठ वाढवा! बीपीच्या माणसाला मीठ? दुसरीकडे एक जण म्हणाले, आधी गाठीत सुई घालून कॅन्सर आहे का ते बघू. तिचे मिस्टर विचारतात, गाठ औषधाने विरघळणार नाही का? किडनी जाईल का? जन्मभर गोळ्या लागतील का? आमच्या शेजारच्या काकूंना अशीच गाठ निघाली, त्यांना तर डॉक्टरांनी काहीच करू नका म्हणून सांगितलं.

घाई अशासाठी की माझंही पुढच्या महिन्यात पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी तिचं उरकलं तर मला तिच्याजवळ राहता येईल. आम्हाला आई नाही. २००१ मध्ये तिची गळ्याची गाठ काढली, त्यातून बरी झाली, पण २००३ मध्ये पिशवीच्या ऑपरेशनला टेबलावरच गेली. भूल सोसली नाही म्हणाले. त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की आम्हा दोघींच्या पोटात गोळा येतो.

– एक वाचक, कराड

ताई,

इतके प्रश्न विचारलेत, पण त्यातला सगळ्यांत तातडीचा राहूनच गेला. तो तुमच्या स्वतःच्या ऑपरेशनचा. सदर छापून यायला वेळ लागतो म्हणून पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला ई-मेलने कळवलं होतं, बाकीच्या वाचकांसाठी इथे पुन्हा लिहिते: तुमचं स्वतःचं मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिन मोडून तयार होणारा पदार्थ, अशा गाठीत तो वाढतो) तपासून झाल्याशिवाय पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भूल घेऊ नका. मध्येच पोटात कळ येऊन तातडीने नेण्याची वेळ आलीच, तर भूलतज्ज्ञाला पहिल्या वाक्यात सांगा, ‘बहिणीला फिओ आहे आणि आई टेबलावर गेली होती.’ (फिओ म्हणजे धाकटीची ही गाठ.) एवढं ऐकल्यावर तो माणूस वेगळ्या तयारीने उभा राहील.

कारण तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत आहे. आईच्या गळ्यात गाठ, दोन वर्षांनी साध्या ऑपरेशनमध्ये मृत्यू, आणि आता मुलीच्या किडनीवरच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ. हे तीन मणी एका दोऱ्यात ओवले की कुठल्याही हार्मोनच्या डॉक्टरला ‘मेन-टू’ आठवतो. हा घराण्यात चालणारा आजार आहे. यात थायरॉइडमध्ये मेड्युलरी जातीचा कॅन्सर आणि अ‍ॅड्रिनलमध्ये धाकटीसारखी गाठ, अशी जोडी येते. काहींना पॅराथायरॉइडचा (थायरॉइडमागच्या चिमुकल्या ग्रंथींचा) त्रास होऊन मुतखडेही होतात. आता, पत्रावरून निदान करण्याइतकी मी धीट नाही. गळ्याच्या गाठी आपल्याकडे घरोघरी असतात आणि बहुतेक साध्याच निघतात. ‘भूल सोसली नाही’ याचीही दहा कारणं असतात. पण शंका खोटी ठरायला एक तपासणी पुरते, आणि खरी असून दुर्लक्ष झालं तर काय होऊ शकतं ते तुमच्या घराने कदाचित एकदा पाहिलंय.

ही गाठ करते काय, ते आधी सांगते. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, जेमतेम चार-पाच ग्रॅमची ग्रंथी म्हणजे अ‍ॅड्रिनल. दोन किडन्यांवर दोन. तिला बाहेर साल असते आणि आत गर. सालीतून कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन येतं, गरातून अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन. गल्लीत कुत्रा अंगावर धावून आला की छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंडाचं पाणी पळतं, ते या गराचं काम. गरात गाठ झाली की तिला म्हणायचं फिओक्रोमोसायटोमा, दवाखान्यातल्या भाषेत फिओ. मग कुत्र्याची गरज उरत नाही. केर काढायला वाकलं, पोटावर दाब आला, की गाठ भसकन अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडते. डोकेदुखी, घाम आणि धडधड हे त्रिकूट या आजाराचं ठरलेलं. चेहरा लाल होण्याऐवजी पांढरा पडतो, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तुम्ही ‘पांढराफटक’ लिहिलंत, तो शब्द वाचूनच माझं लक्ष वेधलं गेलं.

आणि ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांवर फार रागावू नका. झटक्यात तिला भीती खरीच वाटत असणार. अ‍ॅड्रिनलिन अंगात उसळल्यावर ‘आता मी मरते’ असं वाटतंच, ते नाटक नव्हे. शिवाय झटका ओसरल्यावर दवाखान्यात नेलं की बीपी कित्येकदा नॉर्मल. डॉक्टरही फसतात. मी फसले आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी असताना अशीच एक बाई धडधड घेऊन आली. मी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं, धडधडीवर आपण सगळेच देतो ते. रात्री तिला धाप लागलेल्या अवस्थेत परत आणलं, बीपी यंत्रावर वर वर चढत होतं. वाचली ती, पण तिच्या नवऱ्याने माझीच चिठ्ठी माझ्यासमोर धरली होती, ते अजून डोळ्यांपुढे आहे. फिओमध्ये अशी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी एकटी दिली तर रक्तवाहिन्या सैल ठेवणारं दार बंद होतं आणि आवळणारं दार उघडंच राहतं. म्हणून आधी रक्तवाहिन्या सैलावणारं अल्फा-ब्लॉकर, धाकटीचं प्राझोसिन त्यातलंच, आणि ते काही दिवस नीट बसल्यावर, गरज असेल तरच, बीटा. हा क्रम कधी उलटायचा नसतो.

इथून मिठाकडे येऊ. चार वर्षं तिच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत. नळ्या अरुंद झाल्या की शरीर आतलं पाणीही कमी करतं, एकूण रक्ताचं आकारमान घटतं. आता प्राझोसिनने नळ्या मोकळ्या केल्या. टाकीत पाणी मात्र जुनंच, कमी. म्हणून उठून उभं राहिलं की मेंदूपर्यंत दाब पोचत नाही आणि गरगरतं. मीठ आणि पाणी वाढवायचं ते ही टाकी भरायला. गाठ काढल्यावर अ‍ॅड्रिनलिनचा नळ एकदम बंद होतो, त्या क्षणी टाकी रिकामी असेल तर बीपी धाडकन खाली येतं. तेव्हा तुमचे हार्मोनचे डॉक्टर चुकलेले नाहीत, चांगले आहेत. त्यांना धरून राहा. (ज्यांना साधं बीपी आहे त्यांनी हे वाचून पापडाचा डबा उघडू नये. ही सूट फक्त फिओवाल्यांना, तीही अल्फा-ब्लॉकर सुरू झाल्यावर आणि हृदय-किडनी धड असेल तरच.)

तयारीला किमान एक-दोन आठवडे लागतात, तीन लागले तरी बिघडत नाही. या दिवसांत घरी एक वही करा. सकाळ-संध्याकाळ बसून पाच मिनिटांनी एकदा बीपी आणि नाडी, मग उभं राहून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. बसलेलं १३०/८० च्या आत आणि उभ्याने वरचा आकडा ९० च्या वर, साधारण हे गाठायचं असतं. पहाटे लघवीला उठताना तिने आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून बसावं, मगच उभं राहावं. पहिल्या आठवड्यात पडापड होते ती याच वेळी.

चोंदलेल्या नाकाचं तर मला जास्तच सांगायचंय. तेही प्राझोसिनमुळेच, नाकातल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या. याचा अर्थ औषध लागू पडतंय. पण घरात कोणीतरी दयाळूपणे मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून देतं. त्या गोळ्यांत पुष्कळदा फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे डॉक्टरांनी महिनाभर जे सोडवलं ते एका गोळीने पुन्हा आवळायचं. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन आणि अंगदुखीवर, दम्यावर सरसकट टोचलं जाणारं स्टेरॉइडही झटका आणू शकतं. तिच्या पर्समध्ये एक कागद ठेवा: ‘फिओक्रोमोसायटोमा आहे. हार्मोनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये.’ खाली त्यांचा नंबर. शाळेतल्या मुख्याध्यापकांनाही एक प्रत द्या.

गाठीत सुई अजिबात नको. फिओत सुई खुपसणं म्हणजे आग्यामोहोळात काठी घालणं, त्यातून माणसं दगावलेली आहेत. शिवाय सुईने उत्तरही मिळत नाही. फिओ पुढे पसरणार की जागीच राहणार हे सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने सांगता येत नाही. साधारण दहा-पंधरा टक्के गाठी पुढे कधीतरी दुसरीकडे उगवतात, बाकीच्या काढल्या की संपतात. म्हणून हल्ली ‘साधी’ आणि ‘कॅन्सरची’ असे दोन डबे करत नाहीत. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मेटानेफ्रिन, मग दर वर्षी एकदा, तेही जन्मभर. गोळ्यांपेक्षा ही वार्षिक वारी जास्त लक्षात ठेवा.

विरघळण्याबद्दल तिच्या मिस्टरांना सांगा, कुठल्याच पॅथीत ही गाठ विरघळवणारं औषध नाही. किडनीला कोणी हात लावणार नाही. ३.८ सेंमीची गाठ दुर्बिणीतून निघते, पोटाला तीन-चार भोकं. मिशेल गॅग्नर या सर्जनने १९९२ मध्ये अशा शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, त्याआधी मोठा छेद घ्यावा लागे. आजही सहा सेंमीपेक्षा मोठी गाठ असली की पुष्कळ सर्जन उघडून काढतात. त्याही आधी, १९२६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये लोझानला सेझार रू आणि अमेरिकेत रॉचेस्टरला चार्ल्स मेयो यांनी या गाठी पहिल्यांदा यशस्वीपणे काढल्या. तेव्हा अल्फा-ब्लॉकर नावाचं औषधच नव्हतं. रुग्ण वाचले याचं मला अजूनही नवल वाटतं.

ऑपरेशनच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला सांगितलेलं बरं, कारण तुमच्या पोटातला गोळा त्या खोलीचाच आहे. मी शिकाऊ असताना भूलतज्ज्ञ बाईंच्या मागे उभी राहून एक फिओ पाहिला. मनगटातल्या धमनीत बारीक नळी, त्यामुळे पडद्यावर प्रत्येक ठोक्याचं बीपी. ११० होतं. सर्जनच्या हत्याराचं टोक गाठीला नुसतं टेकलं आणि आकडा १६०, १९०, २२० असा पळाला. बाईंनी आवाज न चढवता ‘थांबा’ म्हटलं. सर्जनने हात वर धरले. सगळी खोली स्तब्ध, आणि बाई हातातल्या सिरिंजचा दट्ट्या केसभर पुढे सरकवत होत्या. आकडा उतरला, पुन्हा काम सुरू. असं तीनदा झालं. शेवटी गाठीची शीर क्लिप लावून बंद केली आणि बीपी ८५ वर आलं. सलाईन आधीच जोरात चालू होतं. या आजारात सर्जनइतकाच भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. तेव्हा धाकटीच्या रुग्णालयात एकच विचारा: ‘तुमच्याकडे याआधी फिओ झालेत का, आणि भूल कोण देणार?’ ऑपरेशननंतर एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवतील, कारण बीपीप्रमाणे साखरही घसरू शकते. ते गुंतागुंत झाली म्हणून नसतं, घाबरू नका.

२००३ मध्ये तुमच्या आईला खरंच फिओ असेल, तर तो कोणाला माहीत नव्हता आणि अल्फा-ब्लॉकरविना भूल दिली गेली. धाकटीची गोष्ट इथेच वेगळी होते. तिची गाठ माहीत आहे.

जन्मभर गोळ्यांचं उत्तर मी एका शब्दात दिलं असतं, पण तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत एक ओळ आहे: डावी ग्रंथीही ‘किंचित जाडसर’. एक अ‍ॅड्रिनल काढली तर दुसरी सगळं सांभाळते, गोळ्या लागत नाहीत. दोन्ही पूर्ण काढल्या तर हायड्रोकॉर्टिसोन जन्मभर घ्यावंच लागतं, एकही दिवस चुकवून चालत नाही. मेन-टूमध्ये फिओ झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणांत आज ना उद्या दोन्ही बाजूंना गाठी होतात. म्हणून अनुभवी सर्जन अशा वेळी गर काढून थोडी साल शिल्लक ठेवतात, म्हणजे कॉर्टिसोल घरचंच राहतं. ऑपरेशनच्या आधी डाव्या ग्रंथीचा विषय तुम्ही स्वतः काढा. तो रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत आहे. गर्दीत सुटू शकतो.

आता शेजारच्या काकू. त्यांना सांगितलं तेही बरोबर असू शकतं. चाळिशी-पन्नाशीनंतर कुठल्याही कारणाने पोटाचा सीटी केला तर शंभरातल्या चार-पाच जणांत अ‍ॅड्रिनलवर गाठ दिसते, आणि त्यांतल्या बहुतेक नुसत्या बसून असतात, काही स्रवत नाहीत. पण ‘काही करू नका’ म्हणण्याआधी त्या गप्प आहेत ना, हे पाहायला हवं. काकूंना विचारा, रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेऊन सकाळी आठला कॉर्टिसोल तपासलं का? ते १.८ च्या खाली आलं तर सालीतली कॉर्टिसोलची गाठ नाही. तशी गाठ असती तर चेहरा गोल, हातपाय काटकुळे, पोटावर जांभळट रेघा, साखर वाढलेली. (आपल्याकडे असा चेहरा दिसला की मी आधी विचारते, सांधेदुखीची पुडी कोणाकडून घेता? त्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतं.) कॉर्टिसोलची गाठ काढल्यावर दुसरी ग्रंथी झोपलेली असते, तिला जागं व्हायला महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बंद करणं जिवावर बेततं.

काकूंना बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि किडनीतून येणारं रेनिन ही जोडीही तपासायची. १९५० च्या दशकात मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी ३४ वर्षांच्या एका बाईत गाठीतून अल्डोस्टेरॉन जास्त स्रवण्याचा हा आजार उलगडला. स्नायूंतली ताकद जायची, पोटॅशियम घसरलेलं, बीपी चढलेलं. गाठ काढली आणि सगळं जाग्यावर आलं. तीन-तीन गोळ्यांनी न आटोपणाऱ्या बीपीत हे आपण फार कमी तपासतो. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो, म्हणून ‘पोटॅशियम ठीक आहे’ एवढ्यावर सोडू नये. यात एक गंमत आहे: सीटीत गाठ उजवीकडे दिसते आणि हार्मोन डावीकडून येत असतं, असंही घडतं. म्हणून दोन्हीकडच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन पाहतात, मगच कुठली काढायची ते ठरवतात. काकूंच्या गाठीला सीटीत घनतेचा आकडा १० च्या आत असेल तर ती चरबीची, साधी, फिओ जवळपास नाहीच. धाकटीच्या रिपोर्टमध्ये तो आकडा ३४ आहे.

आता पुन्हा तुमच्याकडे. तुमची तपासणी दोन प्रकारे होते. रक्ताची असेल तर सुई टोचल्यावर वीस-तीस मिनिटं शांत पडून राहायचं आणि मग नमुना द्यायचा. बसून, घाईत घेतलं तर उगाच वाढलेलं येतं. लघवीची असेल तर लॅब तुम्हाला मोठा कॅन देईल, तळाशी बहुधा अ‍ॅसिड असेल. सकाळची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी मग्यात धरून कॅनमध्ये ओता, थेट कॅनवर बसू नका, अ‍ॅसिड उडतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी धरायची आणि थांबायचं. एक जरी चुकली तर लपवू नका, पुन्हा नवा कॅन मागा. रविवार निवडा. पाहुणे येणार नसतील असा. झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्याने आकडा खोटा वाढतो. थोडं वाढलेलं आलं तर लगेच रडू नका, डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासा; तिप्पट-चौपट आलं तर मात्र ते गंभीर. तपासणी नॉर्मल आली की पित्ताशयाचं ऑपरेशन खुशाल करा.

जनुकाची तपासणी आधी धाकटीची. हल्ली फिओच्या प्रत्येक रुग्णाला ती सुचवतात, कारण तीनातल्या एकात आजार जन्मजात असतो. मेन-टूमध्ये ‘रेट’ नावाच्या जनुकात बदल असतो. तिच्यात नेमका बदल सापडला तर तुमच्यात आणि मुलांत तेवढाच एक शोधायचा, ते स्वस्त पडतं. सापडला नाही, तर याखेरीज आणखी काही जनुकं आहेत, तीही त्याच नमुन्यात बघून होतात. आईकडून मुलाला हा बदल जाण्याची शक्यता नाणेफेकीइतकी, अर्धी. धाकटीच्या दोन्ही मुलांना आणि तुमच्या मुलीला त्यामुळेच महत्त्व. बदल असलेल्या मुलांची थायरॉइड कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येते, काही बदलांत तर पाच वर्षांच्या आत. धाकटीची स्वतःची कॅल्सिटोनिन नावाची, मेड्युलरी कॅन्सर शोधणारी रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी आत्ताच करून घ्या, पण थायरॉइडमध्ये काही निघालं तरी आधी अ‍ॅड्रिनलची गाठ, मग गळा.

हे घराण्याचं प्रकरण किती चिवट असतं बघा. जर्मनीत फ्रायबुर्ग गावी १८८६ मध्ये १८ वर्षांची एक मुलगी धडधड आणि डोकेदुखीने गेली. दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये गाठी निघाल्या, फ्रेंकेल नावाच्या डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं. वैद्यकातली फिओची ती पहिली नोंद मानतात. २००७ मध्ये, १२१ वर्षांनी, संशोधकांनी तिच्या घराण्यातल्या आजच्या माणसांचं रक्त तपासलं, आणि त्यात तोच रेटचा बदल मिळाला. मधल्या पिढ्यांत कोणाकोणाला ‘मनाचं आहे’ म्हटलं गेलं असेल, कोण जाणे.

खर्चाचं म्हणाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आधी लिहून घ्या, तपासण्या आणि ऑपरेशन वेगवेगळं विचारा. जनुकाची तपासणी बहुधा खिशातून होईल. मुंबईला जायची तयारी असेल तर केईएमच्या हार्मोन विभागाला अशा गाठींचा दांडगा अनुभव आहे, ओपीडीत रांग लावायची मनाची तयारी ठेवा.

आणि आईचे कागद शोधा. माळ्यावरच्या ट्रंकेत, वडिलांच्या पेन्शनच्या फायलीत, मामांकडे. २००१ चा गळ्याच्या गाठीचा रिपोर्ट मिळाला तर त्यात ‘मेड्युलरी’ हा शब्द आहे का एवढं बघा. नसेल मिळत तर त्या रुग्णालयात जाऊन जुन्या नोंदी मागा, २००३ च्या भुलेचा कागदही मागा, त्यावर बीपीचे आकडे असतात. रुग्णालयात दाखवायला झेरॉक्स न्या, मूळ कागद हातातून सोडू नका.